अटेम्प्टकाका

परीक्षाकेंद्राच्या फाटकातून मूल बाहेर आलं की आई विचारते, “दमलास का रे?” बाप विचारतो, “कसा गेला?” आणि अटेम्प्टकाका विचारतात, “किती अटेम्प्ट?”

त्यांना दुसरं काही नको असतं. पेपर सोपा होता की अवघड, वर्गातला पंखा चालू होता की बंद, हा सगळा त्यांच्या लेखी गोष्टीवेल्हाळपणा. पोरानं “एकशे अडुसष्ट” म्हटलं की काका डोळे बारीक करतात. “त्यात डाउटफुल?” “बावीस.” “बावीसमधले बारा जातील. उरले एकशे छप्पन्न. त्याचे सहाशे चोवीस, वजा बारा, सहाशे बारा. चार सिली मिस्टेक धर. सिली मिस्टेकला चार नाही जात, पाच जातात. मिळणारे चार गेले आणि वर एक दंड. वीस वजा. पाचशे ब्याण्णव.” एवढं बोलून ते पुढच्या पोराकडे वळतात. पाचशे ब्याण्णववाला मे महिन्याच्या उन्हात तिथंच उभा. त्याला अजून पाणीसुद्धा मिळालेलं नसतं, निकाल मात्र लागलेला असतो.

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीतल्या मुलांनीच त्यांना हे नाव दिलं. खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. काका मात्र मुलांना नावानं ओळखतच नाहीत, फ्लॅटच्या नंबरानं ओळखतात. “बी चारशे दोन, केमिस्ट्री पक्की, फिजिक्सला गळती.” नवीन भाडेकरूला एकदा वाटलं, बाथरूमबद्दल बोलतायत. तो बिचारा प्लंबरचा नंबर शोधायला लागला.

काका एका बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. त्यांच्या स्वतःच्या बारावीच्या वेळी यातलं काही नव्हतं. बोर्डाची परीक्षा द्यायची, पीसीएमची बेरीज करायची, त्या बेरजेवर इंजिनिअरिंग मिळालं तर मिळालं. स्ट्रॅटेजी म्हणाल तर दोनच: येतं ते आधी लिहा आणि पुरवण्या भरपूर लावा. परीक्षक उत्तरपत्रिकेच्या वजनावर मार्क देतात, अशी तेव्हा खेडोपाडी खात्री होती. काकांनी पुरवण्या लावल्या, दोरा घट्ट बांधला, तरी बेरीज थोडक्यात हुकली. बी.एस्सी. होऊन ते बँकेत चिकटले. तेव्हापासून एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून आहे: आपल्याला विषय येत होता, पेपर येत नव्हता.

आता त्यांना पेपर येतो. विषय विसरले.

तशी त्यांची विद्या सोपी नाही. नीटला १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला अधिक चार, चुकीला उणे एक, आणि सगळं कागदावर, गोल काळे करून. जेईई मेनला ७५ प्रश्न, ३०० गुण, अधिक-उण्याचा हिशेब तोच, पण संगणकावर. आपल्या एमएचटी-सीईटीला २०० गुण आणि निगेटिव्ह मार्किंग अजिबात नाही. पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्री, मग गणिताची वेगळी ९० मिनिटं, आणि गणिताच्या प्रश्नाला दोन गुण. जेईई ॲडव्हान्स्डचं तर विचारूच नका. तिथं एका प्रश्नाचे दोन-तीन पर्याय एकदम बरोबर असू शकतात, अर्ध्या उत्तराला अर्धेमुर्धे गुण मिळतात, आणि गुणांची विभागणी कशी हे पेपर समोर आल्यावर कळतं. काकांना हे सगळं वर्षागणिक पाठ. नियम बदलला की त्यांना तरतरी येते. २०२१ मध्ये नीटला २०० प्रश्नांपैकी १८० सोडवायची मुभा आली, तेव्हा ‘कुठले वीस सोडायचे’ यावर त्यांनी एक अख्खं शास्त्र उभं केलं, वहीत तक्ते आखले. २०२५ मध्ये मुभा गेली, पुन्हा सरळ १८० प्रश्न आले आणि शास्त्र एका रात्रीत मोडीत निघालं. काकू सांगत होत्या, त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

काकांचा खरा अंमल रविवारी. सकाळी क्लासची मॉक टेस्ट झालेली असते, संध्याकाळी ‘ॲनालिसिस’. टँकरची वर्गणी गोळा करायला मी बी-४०२ मध्ये गेलो, तर डायनिंग टेबलवर काका हिरवं, लाल आणि जांभळं अशी तीन पेनं मांडून बसलेले. समोर मुलगी, तिच्यासमोर मॉक टेस्टचा प्रिंटआउट. आई चकलीची बशी घेऊन उभी.

“हा चौतिसावा का सोडलास?”

“मला तो येत नव्हता, काका.”

“येणं हा वेगळा मुद्दा आहे,” काका म्हणाले. “मी अटेम्प्टबद्दल विचारतोय.”

मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं बशी पुढे सरकवली.

“हे बघ. विचारलंय काय? वेग. आता पर्याय वाच. ए आणि सी, दोन्हींचं डायमेन्शन काढ. वेगाचं येतंय का? नाही येत. उडाले. उरले दोन. आता फिजिक्स यायची गरजच काय?”

“पण काका, डायमेन्शन काढायला फिजिक्सच लागतं.”

काकांनी चहाचा घोट घेतला, जांभळ्या पेनाचं टोपण लावलं. “तेवढं येऊ दे,” ते म्हणाले.

ती तीन पेनं म्हणजे जेईईच्या पडद्यावरचे रंग. उत्तर दिलेला प्रश्न हिरवा, बघून सोडलेला लाल, आणि ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ म्हणजे परत येऊन बघू म्हणून ठेवलेला जांभळा. त्यातही पोटभेद आहेत. उत्तर देऊन जांभळा केलेला प्रश्न तपासला जातो, उत्तर न देता जांभळा केलेला तपासला जात नाही. एवढ्या एका मुद्द्यावर काकांनी गणेशोत्सवात, लहान मुलांच्या फॅन्सी ड्रेसच्या मध्यंतरात, माइक हातात घेऊन अर्धा तास मार्गदर्शन केलं होतं. टोमॅटोच्या वेषातलं एक मूल स्टेजच्या पायरीवर बसून झोपलं.

काकांची मूळ पद्धत तीन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत डोळे झाकून येणारे प्रश्न, दुसऱ्या फेरीत कागद-पेन लागणारे, तिसऱ्या फेरीत देव लागणारे. जेईईला आधी केमिस्ट्री, कारण ‘तिथं एकतर येतं किंवा येत नाही, वेळ खायची सोयच नाही’. नीटला आधी बायोलॉजी, ९० प्रश्न, ३६० गुण, पाऊण तासात मोकळं व्हायचं. आणि सगळ्यात मोठा नियम: प्रश्नाचा नाद करायचा नाही. अडला की सोडला.

हे शेवटचं मात्र मी काकांच्या पदरात टाकतो. जेईईला १८० मिनिटांत ७५ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला सव्वादोन-अडीच मिनिटं. एखादा हुशार मुलगा इंटिग्रेशनच्या एका प्रश्नाशी दहा मिनिटं झुंजतो, शेवटी तो सोडवतोही, आणि त्याबद्दल त्याला चार गुण मिळतात. तेवढ्या वेळात शेजारच्या सुमार मुलानं चार सोपे प्रश्न उरकून सोळा मिळवलेले असतात. घामाला भाव नाही, प्रश्नाला आहे. बोर्डाच्या शिस्तीत वाढलेल्या मुलांना हे पचत नाही. बोर्डात स्टेपला मार्क असतात, उत्तर चुकलं तरी मोबदला मिळतो, शिवाय प्रश्न पहिल्यापासून क्रमानं सोडवायचे असतात, कारण बाईंनी तसं सांगितलेलं असतं. दहा वर्षं ‘अर्धवट सोडू नकोस’ म्हणून वाढवलेल्या मुलाला एका दिवशी अर्धवट सोडायला शिकवायचं हे कसबच आहे, आणि ते काकांपाशी आहे.

पण काकांना तिथंच थांबवत नाही. नीट असते दुपारी दोन ते पाच. म्हणजे मेंदू दुपारी दोन ते पाच तल्लख पाहिजे. म्हणून जानेवारीपासून नीटच्या मुलांना दुपारची झोप बंद. पुण्यात दुपारी जागं राहायला लावणं ही बारीक गोष्ट नव्हे, इथं पेढीवरचा माणूससुद्धा त्या वेळी गिऱ्हाईकाला जुमानत नाही. ए-२०१ चे आजोबा सांगतात, नातू जागा राहावा म्हणून काका अडीच वाजता इंटरकॉमवर रिंग द्यायचे. नातू गच्चीत अभ्यासाला असायचा. उठायचे ते आजोबा.

मग गोलांचा सराव. ओएमआर कागदावरचा एक गोल नीट काळा करायला पाच सेकंद धरले, तरी १८० गोलांना पंधरा मिनिटं जातात. काका स्टॉपवॉच लावून नुसते गोल काळे करून घेतात. प्रश्न नाही, उत्तर नाही, फक्त गोल. घासायचं नाही, कडेनं आत यायचं. एक प्रश्न सोडला आणि पुढचं उत्तर त्याच्या ओळीत भरलं की खालची सगळी रांग सरकते, हे ते ज्या आवाजात सांगतात तो आवाज घरातली वडीलधारी माणसं पूर्वी पानशेतचं धरण फुटल्याची हकीकत सांगताना काढायची.

काकांचं एक तत्त्व वर्षानुवर्षं अढळ होतं: डाउट असेल तर हात लावायचा नाही, मायनस म्हणजे विष. या तत्त्वाला सुरुंग लावला सी-१०३ नं. हा मुलगा गणितात तरबेज आणि स्वभावानं आगाऊ. त्यानं खाली बाकावर बसून वर्तमानपत्राच्या समासात हिशेब मांडला. “काका, चार पर्याय आहेत. चार प्रश्न डोळे मिटून ठोकले तर सरासरी एक लागणार. अधिक चार. तीन चुकणार. उणे तीन. हातात एक राहतो. म्हणजे अगदी आंधळा तुक्का मारला तरी प्रश्नामागे पाव मार्क नफा. एक पर्याय उडवता आला तर पाऊणच्या जवळ, दोन उडाले तर दीड. सरकारला खरंच तुक्के बंद करायचे असते, तर बरोबरला तीन आणि चुकीला एक ठेवला असता.”

काकांनी समास वाचला. मोबाइलवर गुणाकार-भागाकार करून पाहिला. पुन्हा केला. मग “बघतो” म्हणून लिफ्टकडे गेले. पुढचे काही दिवस ते खाली उतरले नाहीत. काकूंनी भाजी आणली, दूध आणलं, विचारलं तर म्हणाल्या, “वहीत काहीतरी लिहीत बसलेत.” उतरले तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं आणि तोंडी नवा सिद्धांत: ‘पाव मार्काचा नफा’. आता तो काकांचाच आहे. सी-१०३ लासुद्धा त्यांनी तो समजावून सांगितला.

त्या हिशेबात एक पाचर आहे, ती मात्र दोघांनीही लक्षात घेतली नाही. सरासरी ही शंभर पेपर देणाऱ्याला उपयोगी. मूल त्या दिवशी एकच पेपर देतं. आणि पेपर काढणारा काही चुकीचे पर्याय चिठ्ठ्या टाकून ठरवत नाही. गतिज ऊर्जेच्या सूत्रातला एक-द्वितीयांश विसरलात तर जे उत्तर येईल ते बीमध्ये ठेवलेलं असतं. चिन्ह चुकलं तर येणारं सीमध्ये. सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले तर डीमध्ये. काहीच न येणाऱ्याला पंचवीस टक्के आशा असते. अर्धवट येणाऱ्याला सेटरनं आधीच हेरून ठेवलेलं असतं, आणि तो मोठ्या खात्रीनं, डाउटफुलमध्येसुद्धा न धरता, त्याच खड्ड्यात पाय टाकतो. मी हे काकांना म्हटलं. ते म्हणाले, “म्हणून तर सांगतो, मॉक वाढवा.”

अमेरिकेतल्या सॅट परीक्षेला पूर्वी पाच पर्याय आणि चुकीला पाव गुण वजा असं गणित होतं, त्यामुळे आंधळा तुक्का बरोबर शून्यावर यायचा. २०१६ पासून त्यांनी ती वजाबाकीच काढून टाकली. न्यू जर्सीतल्या भाच्यानं ही बातमी दिली तेव्हापासून काकांचा त्या देशाबद्दलचा आदर कमी झाला आहे. निगेटिव्ह नाही म्हणजे परीक्षेला धारच नाही, असं त्यांचं मत. आपल्या सीईटीकडेही ते गल्ली क्रिकेटच्या नजरेनंच बघतात. मात्र सीईटीत प्रश्न रिकामा सोडणाऱ्याला ते क्षमा करत नाहीत. “फुकट मिळतंय तेसुद्धा घेता येत नाही?” शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांना सी ठोकायचा, हा त्यांचा आदेश. सीच का? “ए पहिला असतो म्हणून सेटर लाजतो. डी शेवटचा, तिथं कुणीही बघतं. लपवायला सीच बरा.” यावर पुढे बोलण्यासारखं काही नसतं.

उत्तर बदलायचं नाही, हेही त्यांचं ब्रीद. पहिलं सुचतं तेच खरं, दुसरं सैतान सुचवतो. मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशकं उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड मोजली आहे आणि बहुतेक अभ्यासांत उलटंच निघालं: उत्तर बदलल्यावर चुकीचं बरोबर होण्याचं प्रमाण बरोबरचं चूक होण्यापेक्षा जास्त. पण बदलून घालवलेलं उत्तर म्हातारपणीही सलतं आणि बदलून जमलेलं रिक्षात बसेपर्यंत विसरतं, म्हणून ही समजूत मरत नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, “ती मुलं निवांत असतात.” आणि नीटला बॉलपेनच असतं. गोल काळा झाला की झाला. तिथं काकांचं म्हणणं आपोआप खरं ठरतं.

जून २०२४ हा काकांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. नीटचा निकाल लागला, ६७ जणांना पैकीच्या पैकी, आणि काहींना ७१८, ७१९. काका पहाटे सहाला बागेत हजर. “सातशे एकोणीस पडूच शकत नाहीत! सगळे बरोबर, सातशे वीस. एक सोडला, सातशे सोळा. एक चुकला, सातशे पंधरा. मध्ये काही नाही. मध्ये पोकळी आहे!” हास्यक्लबवाले हात वर करून उभे होते, ते तसेच ऐकत राहिले. त्या दिवसांत हेच गणित देशभर मांडलं गेलं, पण आमच्या सोसायटीत ते काकांनी आधी मांडलं याला साक्षीदार आहेत. पुढे कळलं की परीक्षेत वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले होते. ते गुण रद्द झाले, त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय दिला गेला. फिजिक्सच्या एका प्रश्नाचं एक उत्तर बरोबर धरायचं की दोन, हे ठरवायला सर्वोच्च न्यायालयानं आयआयटी दिल्लीचं मत मागवलं. एकच उत्तर बरोबर ठरलं, आणि पैकीच्या पैकीवाले शेवटी १७ उरले.

त्या वेळी काकांनी मला एक प्रश्न विचारला होता. “ज्या पोरानं दोन उत्तरं बरोबर दिसतायत म्हणून मायनसच्या भीतीनं तो प्रश्न सोडला, त्याचं काय चुकलं?” मला उत्तर देता आलं नाही. काकांनाही त्या दिवशी चकली नको होती.

एरवी त्यांना अपयश शिवत नाही, कारण त्यांची मांडणीच तशी आहे. मार्क चांगले आले की स्ट्रॅटेजी काकांची, कमी आले की एक्झिक्युशन मुलाचं. बी-४०२ ला जेईई मेनला ९२ पर्सेंटाइल मिळाले तेव्हा नाशिकच्या मावशीनं ‘ब्याण्णव टक्के’ समजून पेढे वाटले. काकांनी मावशीला फोनवर समजावलं की पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तुमच्या मागे किती जण राहिले त्याचं माप. परीक्षा देतात चौदा लाखांच्या आसपास, त्यातले आठ टक्के पुढे, म्हणजे लाखाच्या वर मुलं आपल्या मुलीच्या पुढे. मावशीनं फोन ठेवला. मुलीची आई दोन दिवस काकांशी बोलली नाही. पेढे मात्र खरे होते आणि चांगलेही होते. मुलगी पुढे सीईटीच्या जोरावर बऱ्या कॉलेजात लागली, चौतिसावा प्रश्न आता ती सोडवू शकते, असं तिनंच मला सांगितलं.

आता कुणी विचारेल, काकांच्या घरी काय? काकांना एक मुलगा. दहावीच्या सुट्टीत काकांनी त्याच्यासाठी दोन वर्षांचा तक्ता करून भिंतीला लावला होता, तीन रंगांत. मुलानं तो नीट वाचला आणि जेवताना एक वाक्य बोलला: “बाबा, मी डिप्लोमा करतो.” पॉलिटेक्निकची तीन वर्षं, मग डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. ना सीईटी, ना जेईई, ना जांभळा रंग. आज तो चाकणला नोकरीला आहे, वेळेवर घरी येतो. काका त्याच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. आमच्या सोसायटीत आजवर झालेल्या सगळ्या स्ट्रॅटेज्यांत मला ही सगळ्यात बिनचूक वाटते.

मग लोक काकांना घरी का बोलावतात? मी हे अनेक आईबापांना विचारलं. कुणी सरळ उत्तर दिलं नाही, पण बी-४०२ च्या वडिलांनी जरा मोकळेपणानं सांगितलं. आठवीच्या बीजगणितानंतर मुलीचा अभ्यास त्यांच्या हातून सुटला. क्लासची फी लाखांत, ती भरली. गाडीनं सोडणं, आणणं, दूध-बदाम, सगळं केलं. पण पुस्तक उघडलं की त्यातलं एक अक्षर कळत नाही, आणि घरात सतरा वर्षांचं मूल रात्री दीडला दिवा लावून बसलेलं दिसतं. अशा वेळी कुणी आपल्याला कळेल अशा भाषेत, बेरीज-वजाबाकीत, काहीतरी सांगायला आलं तर बरं वाटतं. “आधी केमिस्ट्री, मग फिजिक्स. एवढं तरी मला तिला सांगता येतं हो,” ते म्हणाले. काकांचा विद्यार्थी मूल नव्हेच. काका शिकवतात ते आईबापांना.

म्हणून मी त्यांच्यावर चिडत नाही. त्यांनी कधी कुणाकडून पैसा घेतला नाही. चहा आणि चकली, बस्स. या धंद्यात सध्या जे दर चालू आहेत ते बघता हे धर्मादाय कामच म्हणायचं. चिडायचंच झालं तर एका गोष्टीवर. तीन तासांच्या पेपरमध्ये शहाणपणानं वागून वाढतात ते थोडे गुण. ते महत्त्वाचे आहेत, कारण तेवढ्यात हजारो मुलं पुढे-मागे होतात. पण वाढायला आधी काहीतरी असावं लागतं. शून्याची स्ट्रॅटेजी करता येत नाही. काकांना हे ठाऊक आहे, ते बोलत नाहीत, कारण ते बोललं तर चकली संपण्याआधीच बैठक संपेल.

तुमच्या घरी यंदा बारावीचं मूल असेल, तर तुमच्या सोसायटीतले काका येतीलच. प्रत्येक सोसायटीला एक मिळालेला असतो. त्यांना बसवा, चहा द्या. प्रश्न अडला की सोडायचा, ओळ सरकू द्यायची नाही आणि सीईटीत काही रिकामं ठेवायचं नाही, एवढं ऐकून घ्या, ते बरोबर आहे. बाकीचं मान डोलावून सोडून द्या. आणि परीक्षेच्या दिवशी त्यांना केंद्रावर नेऊ नका. गाडीत जागा नाही म्हणून सांगा. मूल बाहेर आल्यावर त्याला आधी पाणी मिळू द्या.